सावल्या शोधायला जाता कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझे फोटो बघितले की बहुतेक जण विचारतात, "अशा सावल्या सापडतात कुठे? आमच्या गल्लीत तर काहीच नसतं." प्रवासाला जात असेन, असाही अनेकांचा समज आहे. मी बेळगावातच फिरतो. शहापूर, वडगाव, कॅम्प, खडेबाजारचे बोळ. फार तर खानापूरपर्यंत.

वस्तू शोधू नका, सावली जिथं पडते ती जागा शोधा. सायकल, वाळत घातलेलं लुगडं, दाराची जाळी सगळीकडेच असतं. पण जांभ्याची उघडी भिंत त्यांची सावली गिळून टाकते, कारण तिच्या छिद्राछिद्रांत आधीच काळोख असतो. त्याच भिंतीला चुना फासला की तीच सावली कागदावर काढल्यासारखी उठून दिसते. जमिनीचंही तेच. खानापूरच्या लाल वाटेवर गाडीच्या चाकाचा आरा न् आरा दिसतो. बैलहोंगलकडच्या काळ्या रानात मात्र अख्खा बैल हरवतो.

दुसरी गोष्ट अंतराची. सूर्य हा ठिपका नाही, आपल्याला तो अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे वस्तू भिंतीपासून एक मीटर दूर असेल तर तिच्या सावलीची कड जवळपास एक सेंटिमीटर पुसट होते. म्हणून खांबावरच्या तारांची रस्त्यावरची सावली फिकट असते, आणि भिंतीलगतच्या खिडकीच्या गजांची रेखीव. मला दोन्ही एकाच फोटोत मिळाल्या तर फार आनंद होतो.

कॅम्पातल्या मोठ्या झाडांखाली गोल कवडसे पडतात, ते तर अवश्य बघा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी कवडसे गोल, कारण प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याची छोटी प्रतिमा. 26 डिसेंबर 2019 च्या सकाळी ग्रहण होतं. त्या वेळी झाडाखाली सगळ्या कोरी पसरल्या होत्या, एकीवर एक, एकाच बाजूला कललेल्या. लोक वर बघायला धडपडत होते आणि ग्रहण त्यांच्या पायाशी पडलं होतं!

वडगावात एका दारासमोर भिंतीवरच्या तुळशीच्या सावलीचा फोटो काढत होतो. कट्ट्यावरच्या आजींनी विचारलं, "काय काढूलाय ओ, नुसत्या भिंतीचा?" मी मोबाइल दाखवला. त्यांनी तो लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "अजून थोडं थांबा की. ऊन खाली आलं की ती त्या कोपऱ्यात जाते, मग पानं मोजता येतात." थांबलो. अगदी तसंच झालं. वर्षानुवर्षं एका भिंतीसमोर बसलेल्या माणसाला जे ठाऊक असतं, ते कुठल्याही कॅमेऱ्यात नाही, हे मी मनापासून मानतो.

कॅमेऱ्याचंही विचारता, तर मोबाइल पुरतो. उजेडाच्या भागावर बोट टेकवा आणि उजळपणा किंचित खाली ओढा. सावली ठार काळी मात्र करू नका. तिच्यात आकाशाचा निळा उजेड उतरलेला असतो, म्हणून मी कृष्णधवल करत नाही. आणि सावली माणसाची असेल तर त्या माणसाला विचारून घ्या.

राहिली वेळ. सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्या सगळेच काढतात. थंडीत ऊन न बघितलेल्या उत्तरेकडच्या भिंतींवर एप्रिल-मेमध्ये भिंतीला घासून ऊन येतं, तेव्हा कौलांच्या कडांची झालर आणि गिलाव्याचा खडान् खडा सावली टाकतो. डिसेंबरच्या शेवटी भरदुपारीही सावली वस्तूच्या उंचीच्या चार-पंचमांश असते. उलट 4 मेच्या आसपास सूर्य बेळगावच्या बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ खांबाची सावली त्याच्या पायातच विरते. त्यानंतर ऑगस्टपर्यंत भरदुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते. ऑगस्टच्या 8-9 तारखेला सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण आपल्याकडे तेव्हा ढग असतात. म्हणून मेच धरा. आणि बाराला नको, आपल्याकडची खरी मध्यान्ह तेव्हा साडेबाराच्या सुमारास होते. वीस मिनिटं आधी जाऊन खांबापाशी उभे राहा.