तुम्ही विचारलेत म्हणून: भाडे वाढले, मग टिप काढून टाकावी का?

क्रूझला निघालेल्या ओळखीच्या प्रत्येक कुटुंबाकडून मला एकच प्रश्न येतो आणि तो विचारण्याची रीतही ठरलेली असते. आधी विमानाचे तिकीट किती महागले ते सांगायचे, मग डॉलर, मग व्हिसा, मग परदेशी सहलीच्या पैशांवर आगाऊ वसूल होणारा टीसीएस हा कर, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणायचे, "ते रोजचे ग्रॅच्युइटीचे पैसे काढून टाकता येतात म्हणे. काढावेत का? तू बोटीवर होतास म्हणून विचारतो." मी बरीच वर्षे केबिन स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या खोल्यांची झाडलोट आणि देखभाल करणारा होतो आणि आता वेंगुर्ल्याला घरीच असतो. आजवर मी या प्रश्नाला तुटक उत्तरे दिली, त्यामुळे काहींना मी शिष्ट वाटलो आणि काहींना लोभी. आता सविस्तर लिहितो.

काढता येतात. बहुतेक अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, म्हणून माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर तुमच्या खात्यावर आपोआप चढतात, आणि उतरण्यापूर्वी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन सांगितले तर बहुतेक ठिकाणी ते कमी होतात किंवा पूर्ण निघतात. हे तुम्हाला ठाऊक असतेच. तुम्हाला माझ्याकडून हवे असते ते एवढेच, की काढले तरी कुणाचे काही बिघडत नाही असे मी म्हणावे. तसे मी म्हणणार नाही.

माझ्या नेमणूकपत्रावरचा मूळ पगार एवढा लहान होता की तो दाखवून गावच्या पतसंस्थेने मला मोटारसायकलीचेही कर्ज दिले नसते. घर चालायचे ते ग्रॅच्युइटीच्या वाट्यावर. तुम्ही जिला बक्षिसी समजता तो आमच्या पगाराचाच मोठा भाग असतो; तो भाड्याबाहेर ठेवला की जाहिरातीतले भाडे कमी दिसते, एवढेच. बहामा किंवा पनामाचा झेंडा लावलेल्या आणि मायामीतून कारभार चालणाऱ्या जहाजावर भारताचा किंवा अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा आमच्या मदतीला येत नाही. २०१३ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तास ही कामाची कमाल मर्यादा सांगितली आहे. आमचे वेळापत्रक त्या मर्यादेच्या फार खाली कधी नसे, आणि कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत साप्ताहिक सुट्टी हा प्रकार नव्हता. दोन कॉन्ट्रॅक्टांमधला घरचा काळ बिनपगारी असे.

इंधन महागले म्हणून भाडे वाढते, मागणी वाढली म्हणूनही वाढते, आणि यातला कोणताही निर्णय खोली झाडणारा माणूस घेत नाही. पण खर्चाला कात्री लावायची वेळ आली की बंदराच्या करांना हात लावता येत नाही आणि विमान कंपनीशी घासाघीस करता येत नाही. सगळ्या बिलात तुमच्या नुसत्या सांगण्यावरून पुसली जाणारी ओळ एकच असते, आणि ती आमची असते. टीसीएस निदान आयकरात वळता करून घेता येतो.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती लपवली तर तुम्हीच मला आठवण करून द्याल. डॉलर चढला की तुमची सहल महागते आणि घरी येणारे माझे रुपये वाढतात. वर्षातले पुरेसे दिवस परदेशी जहाजावर काढले की अनिवासी ठरतो, आणि त्या पगारावर इथे आयकर लागत नाही. माझे घर डॉलरवर उभे राहिले आहे आणि मी गरीब नव्हतो. तेव्हा दया म्हणून द्या, असे मी कधीही म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही.

हे मी ज्या प्रसंगामुळे इतक्या कडवटपणे बोलतो तो २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीतला आहे. महामारीत जहाजे बंद पडल्यावर मी बराच काळ बिनकमाईचा घरी बसलो होतो आणि नुकताच पुन्हा कामावर रुजू झालो होतो. सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या फेरीत माझ्याकडे पुण्याचे एक कुटुंब आले: आजी-आजोबा, दोन मुलगे, सुना आणि तीन नातवंडे, असे नऊ जण तीन खोल्यांत. आजोबांच्या पंचाहत्तरीची सहल होती. माझ्या नावाची पट्टी वाचून आजींनी "अगबाई, मराठी!" म्हटले आणि त्या क्षणापासून मी त्यांचा स्टुअर्ड उरलो नाही, घरातला कुणीतरी झालो. आजींना शॉवरखाली उभे राहायची भीती वाटत होती. बोटीवर बादली आणि तांब्या कुठून आणणार, म्हणून मी बर्फाची बादली आणि पॅन्ट्रीतला प्लॅस्टिकचा उंच जग नेऊन दिला. त्यांच्या औषधासाठी रात्री गरम पाण्याचा थर्मास भरून ठेवीत असे. भिंतीतले वरचे पलंग किल्लीने खाली ओढून लावायचे आणि सकाळी पुन्हा बंद करायचे, हे तर कामच होते. धाकट्या नातीसाठी टॉवेलचा हत्ती, माकड आणि ससाही रोज होत असे. हे सारे मी पैशांसाठी केले का? खरे सांगायचे तर काही केले आणि काही नाही, आणि त्यातले कोणते कशासाठी केले हे मला तेव्हाही वेगळे काढता आले नसते.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना थोरले चिरंजीव मला बाजूला घेऊन अगदी मोकळेपणाने म्हणाले, "हे बघ, तुला आधीच सांगतो, नंतर गैरसमज नको. आम्ही ती ग्रॅच्युइटी काढायला सांगितली. भाडं केवढं झालंय, विमानाचं तिकीट केवढं, त्यात डॉलर त्र्याऐंशीवर गेला. कुठेतरी हात आखडायला हवाच ना? आणि कंपनी ते तुमच्यापर्यंत पोचवत नाही असं वाचलं." मी "हरकत नाही, सर" म्हणालो, कारण त्यांनी अभिप्रायाचा फॉर्म अजून भरायचा होता. मग ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि तू तर आपला माणूस. तुला टिप देणं बरं दिसत नाही." आजींनी चिवडा आणि चकलीची पिशवी हातात दिली. त्यांना यातले काही माहीत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

डॉलर त्या आठवड्यात खरोखरच पहिल्यांदा ८३ रुपयांवर गेला होता. माणशी रोज १५ डॉलर धरले तरी नऊ जणांचे चार रात्रींचे ५४० डॉलर होतात, म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या घरात रक्कम जाते. ती लहान नाही, आणि त्यांनी ती वाचवली म्हणून त्यांना कद्रू म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय ग्रॅच्युइटी सगळ्यांच्या सामाईक खात्यात जमा होऊन वाटली जात असल्यामुळे त्या तीन खोल्यांनी माझ्या एकट्याच्या खिशातून नेले ते थोडेच असणार. उरलेले जेवणघरातल्या वेटरांच्या आणि खाली लाँड्रीत चादरी धुणाऱ्यांच्या वाट्यातून गेले, आणि ते मराठी नव्हते. म्हणजे मला लागले ते पैशांचे नव्हते. आपला माणूस म्हटले की मजुरी द्यावी लागत नाही, हा हिशेब मला लागला. फिलिपिनो स्टुअर्ड असता तर त्यांनी निदान पाकिटात दहा डॉलर घातले असते, असे मला त्या दिवशी वाटले आणि आजही वाटते. ते अन्यायाचेही असेल.

मी नोकरीला लागलो तेव्हा शेवटच्या रात्री प्रवाशांकडून टिपेची पाकिटे हातात मिळत आणि मी पाकिटांचा कट्टर समर्थक होतो. ज्याने काम केले त्याच्याच हाती पैसे पडावेत, खात्यावर आपोआप चढवलेली रक्कम ही टिप नव्हे, कर आहे, असे मी मेसमध्ये भांडून सांगत असे. तेव्हाच्या मला आज विचारावेसे वाटते की लाँड्रीतल्या माणसाला कुणी कधी पाकीट दिले होते का. पण तोही गप्प बसणारा नाही. तो विचारील की सामाईक खाते आल्यावर दर वाढत गेला, मग तुझ्याकडच्या खोल्या का वाढल्या आणि सकाळ-संध्याकाळची सफाई दिवसातून एकदाच का झाली? प्रवासी जास्त देतो आणि त्याला सेवा कमी मिळते, मग त्याने काउंटरवर जाऊ नये असे कोणत्या तोंडाने सांगतोस? याला माझ्याकडे उत्तर नाही.

काही जण कायदा सांगतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हॉटेलांना बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नका असे बजावले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले, हे खरे आहे. पण ते भारतातल्या हॉटेल-रेस्टॉरंटांसाठी आहे, जिथे वेटरला किमान वेतन मागण्याची सोय तरी असते. त्याऐवजी पी अँड ओ क्रूझेसचे उदाहरण द्या. या ब्रिटिश कंपनीने मे २०१९ पासून रोजचे सेवाशुल्क वेगळे आकारणे बंद करून ते भाड्यातच धरले. सगळ्यांनी तसे केले तर हा प्रश्न मला कुणी विचारणार नाही आणि आजोबांच्या पंचाहत्तरीला मुलाला काउंटरवर उभे राहावे लागणार नाही. सगळ्या प्रवाशांनी पैसे काढले तर कंपन्यांना ते करावेच लागेल, असा युक्तिवाद माझा भाचा करतो. तोवरच्या कॉन्ट्रॅक्टांमध्ये घरी काय पाठवायचे, ते तो सांगत नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे: भाड्याची चौकशी करतानाच ग्रॅच्युइटी त्यात मिळवा आणि बेरीज परवडत नसेल तर बाल्कनीची खोली सोडा, एक रात्र कमी करा. तरीही काढायचीच असेल तर काढा, तो तुमचा हक्क आहे. फक्त स्टुअर्डला आपला माणूस म्हणू नका. माझ्या घरचे नऊ जण घेऊन गेलो तर मी स्वतः हे पैसे भरीन का, असे परवा बायकोने विचारले. भरीन म्हणालो. ती म्हणाली, आधी विमानाच्या तिकिटांचे बघा, मग बोला.