तो फोटो आला त्या सोमवारी

क्रीडा डेस्कवरचा सोमवार एरवी गुणतक्ता आणि आकडेवारी जुळवण्यात जातो. 16 डिसेंबर 2019 चा सोमवार एका फोटोने खाल्ला. मँचेस्टरमध्ये मिकेल आर्तेताच्या घरातून आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबाचे दोन पदाधिकारी बाहेर पडताहेत, वेळ रात्रीचे 1 वाजून 20 मिनिटं. आदल्याच दिवशी लंडनमध्ये मँचेस्टर सिटीने आर्सेनलला त्यांच्या मैदानावर 3-0 असं हरवलं होतं, आणि आर्तेता त्या सामन्यात मुख्य प्रशिक्षक पेप ग्वार्दिओलाचा सहायक म्हणून सिटीच्या बाकावर होता.

सिटीचे चाहते त्याआधीपासूनच धास्तावले होते आणि त्यांची धास्ती रास्त होती. 29 नोव्हेंबरला आर्सेनलने मुख्य प्रशिक्षक उनाय एमरीला काढलं, 5 डिसेंबरला एव्हर्टन या क्लबाने त्यांच्या मार्को सिल्वाला. आर्तेता या दोन्ही क्लबांकडून खेळलेला, आर्सेनलचा तर कर्णधार होता. 2018 मध्ये एमरीची निवड झाली तेव्हाही आर्तेताचं नाव चर्चेत होतं. सहायक प्रशिक्षकाबद्दल कुजबुज सुरू झाली की मी आधी एवढंच बघतो: खुर्ची खरोखर रिकामी आहे का, आणि त्या क्लबाशी या माणसाचा जुना धागा आहे का. दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर बातमीला बूड आहे असं धरायला हरकत नाही. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीला ठरावीक मुदत असते, प्रशिक्षकांना ती नसते. त्यामुळे ऐन हंगामातही असा माणूस हातचा जाऊ शकतो.

डेस्कवर वाद झाला तो मथळ्यावरून. ‘आर्तेता आर्सेनलचा’ असं छापायची घाई सगळ्यांनाच होती. मी विरोध केला, कारण फोटोतून कळत होतं ते एवढंच की बोलणी घरापर्यंत पोहोचली आहेत. करारात असलेल्या प्रशिक्षकाशी बोलायचं तर आधी त्याच्या क्लबाकडे विचारणा करायची, परवानगी मिळवायची, मग त्याच्याशी मुदत आणि पगार ठरवायचा, त्याच वेळी जुन्या क्लबाशी नुकसानभरपाईवर घासाघीस करायची. शेवटी सोबत कोण येणार हा प्रश्न उरतोच, कारण मुख्य प्रशिक्षक एकटा क्वचितच येतो. बोलणी बहुतेक वेळा भरपाईवर अडतात. मध्यरात्रीची भेट जगासमोर आली की सोडणारा क्लब दुखावतो आणि ताठर होतो; सिटी नाराज असल्याच्या बातम्या दिवसभर येत राहिल्या. आम्ही ‘बोलणी निर्णायक टप्प्यावर’ असा मथळा दिला. घोषणा शुक्रवारी, 20 तारखेला झाली, साडेतीन वर्षांच्या करारासह. दुसऱ्या दिवशी एव्हर्टनने कार्लो आन्चेलॉत्तीला नेमलं.

चाहत्यांच्या अंदाजात परवान्याचा मुद्दा हमखास सुटतो. युरोपातल्या वरच्या लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकाला यूएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाचा, प्रो परवाना लागतो. इंग्लंडमध्ये हंगामाच्या मध्येच नेमलेल्याला 12 आठवड्यांची सवलत मिळते, पण कायमची नेमणूक तेवढ्यावर चालत नाही. अनेक चांगले सहायक या एका कागदासाठी अडकून पडतात, म्हणून नाव पुढे आलं की आधी त्याचा परवाना तपासावा.

त्या दिवशी सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, आर्तेता गेल्यावर सिटीचं काय होणार? रहीम स्टर्लिंगला गोलसमोर थंड डोक्याने चेंडू जाळ्यात मारायला त्याने शिकवलं, हे श्रेय त्याला सर्रास दिलं जायचं. लीगमध्ये स्टर्लिंगचे गोल 2016-17 च्या 7 वरून पुढच्या हंगामात 18 वर गेले, त्यानंतर 17. आर्तेता गेला त्या हंगामात मात्र ते 20 झाले. शिकवलेलं खेळाडूसोबत राहतं, हे मला या आकड्यांतून फार ठळक दिसतं. सिटीने त्या वर्षी विजेतेपद गमावलं, पण तो फोटो आला तेव्हाच ते लिव्हरपूलपेक्षा 14 गुणांनी मागे होते. त्याचं खापर आर्तेताच्या जाण्यावर फोडणं चुकीचं आहे.

मला त्याहून जास्त खटकतं ते हे, की चाहते ग्वार्दिओलाच्या शेजारी बसणाऱ्यावरच डोळा ठेवून होते. 2021 मध्ये आर्सेनलने सिटीचा निकोला जोव्हेर उचलला, तो सेट-पीसचा, म्हणजे कॉर्नर आणि फ्री-किकसारख्या थांबलेल्या चेंडूच्या डावपेचांचा, प्रशिक्षक. त्या जाण्याची चर्चा त्यामानाने कितीतरी कमी झाली. 2023-24 मध्ये आर्सेनलने लीगमध्ये कॉर्नरवरून 16 गोल केले. एखाद्या क्लबात कोणाचं वजन वाढतंय हे ओळखायचं तर कॉर्नर मिळाल्यावर कॅमेऱ्याच्या कडेला बघावं. नियमाप्रमाणे बाकासमोरच्या आखलेल्या जागेतून, म्हणजे तांत्रिक क्षेत्रातून, एका वेळी एकालाच सूचना देता येतात. आर्सेनलच्या कॉर्नरला जोव्हेर बाकावरून उठून रेषेपाशी येतो आणि आर्तेता मागे सरकतो. जिथे मुख्य प्रशिक्षक अशी जागा सोडतो, तिथल्या त्या माणसावर दुसऱ्या क्लबांची नजर आधीच गेलेली असते.