दोन्ही टेस्ट झिरो, तरी टँक तपकिरी

सांगली-मिरजेत खाऱ्या पाण्यातल्या माशांचे टँक सांभाळणारे आम्ही अगदी मोजकेच, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं की फोन येतोच. हा फोन मिरजेतल्या एका लहान मुलांच्या डॉक्टरांचा. "काय ओ, गोगलगायी उलट्या पडायला लागल्यात, आणि शेवाळ तर रोज काढतोय तरी रोज येतंय, जरा येऊन जा की." मी विचारलं शेवाळ कुठल्या रंगाचं, तर म्हणाले तपकिरी, चिकट, तारा तारा. तिथंच माझ्या पोटात गोळा आला कारण हिरवं शेवाळ गोगलगायींना मारत नाही.

टँक वेटिंग रूममध्ये आहे, खडक-वाळू सोडून पाणी साधारण 100 लिटर. दोन क्लाऊनफिश, थोडे झोअँथिड, थोडे मशरूम (दोन्ही मऊ, कोरलसारखे जीव), बस. कडक कोरल नाहीत, 2001 पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत आणि मी माझ्या कुठल्याच गिऱ्हाइकाला त्या नादाला लागू देत नाही. ओपीडी सुरू व्हायच्या आधीच गेलो, टँकची लाईट अजून बंद होती, आणि बघतोय तर वाळू जवळजवळ स्वच्छ. डॉक्टर जरा वरमले, म्हणाले काल दुपारी बघायला पाहिजे होता तुम्ही. मी म्हटलं डॉक्टर, सकाळी स्वच्छ दिसतोय हीच तर खूण आहे, मी आज थांबतोच.

दहाला लाईट लागली. पेशंट यायला लागले, पोरं काचेला नाक लावून उभी, आणि मी एका कोपऱ्यात स्टुलावर बसून त्याच काचेकडे बघतोय. अकरा-साडेअकरापर्यंत वाळूवर नुसती फिकट झाक होती, बाराला खडकाच्या कडा तपकिरी झाल्या, आणि एक वाजता त्या कडांवरनं शेंबडी तारा वर उठल्या होत्या, प्रत्येक तारेच्या टोकाला ऑक्सिजनचा बारीक बुडबुडा अडकलेला. डोळ्यांदेखत. साधं केसाळ शेवाळ असं रात्री गायब होऊन दुपारी परत येत नाही, ते बसतं तिथंच बसतं.

दरम्यान टेस्ट करून घेतल्या. खारटपणा (विशिष्ट घनता) 1.025, तापमान 26, अल्कलिनिटी 8, सगळं व्यवस्थित. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. आरओचं पाणी टीडीएस मीटरवर शून्य, म्हणजे पाण्यातही खोट नाही. डॉक्टर म्हणाले, "बघा, दोन्ही झिरो ठेवलंय मी, मग हे जगतंय कशावर?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि उत्तरही त्याच्यातच होतं. शेवाळ नको म्हणून त्यांनी फॉस्फेट ओढणारी मीडिया घातलेली, माशांना एक दिवस आड चिमूटभर खाणं, दर आठवड्याला अर्धं पाणी बदल, फेसातनं घाण बाहेर काढणारा स्किमर चोवीस तास. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की शेवाळाला उपाशी मारा. उपाशी मेलं ते हिरवं शेवाळ आणि खडकावरचे चांगले बॅक्टेरिया, आणि रिकामी झालेली सगळी जागा डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जिवांनी घेतली. यांना उजेडावर अन्न करता येतं, बॅक्टेरिया गिळता येतात, वर पोहताही येतं. उपासमारीत बाकीचे मरतात, हे टिकतात. त्यामुळे डॉक्टर जेवढी जास्त स्वच्छता करत होते तेवढं याचं फावत होतं, आणि दर पाणी-बदलाला नव्या मिठातनं ताजी सूक्ष्म द्रव्यं मिळत होती ती वेगळीच.

पण नुसत्या अंदाजावर मी औषध सांगत नाही. पहिली चाचणी घरगुती आहे: तपकिरी घाण थोड्या पाण्यासकट बाटलीत ओढली, खळाखळा हलवून सगळी मोडून टाकली, टिश्यू पेपरमधनं गाळली, आणि गाळलेलं पाणी स्वच्छ ग्लासात उजेडाखाली ठेवलं. तासाभरात त्या पाण्यात परत तारा जमल्या. डायाटम (बिनविषारी, सूक्ष्म तपकिरी शेवाळ) किंवा तपकिरी सायनो (शेवाळासारखे दिसणारे बॅक्टेरिया) असं परत गोळा होत नाही.

आता यातही जाती आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा, काही वाळूतच दडून बसतात तर काही रात्री पाण्यात तरंगतात. त्यासाठी मायक्रोस्कोप पाहिजे, आणि इथं मिरजेचा फायदा. या गावात दवाखान्याला आणि पॅथॉलॉजी लॅबला काय तोटा आहे का! डॉक्टरांनी गल्लीतल्याच एका लॅबमध्ये फोन केला, मी बाटली घेऊन गेलो. तिथल्या टेक्निशियन ताईंनी आधी बाटलीकडे संशयानं बघितलं, "हे कुठल्या पेशंटचं?" म्हटलं ताई, माशांचं आहे. एक थेंब स्लाईडवर, आधी दहाचं लेन्स, मग चाळीसचं. ताईच आधी ओरडल्या, "अहो हे फिरतंय!" मी डोळा लावला तर थेंबाच्या आकाराच्या सोनेरी-तपकिरी पेशी, एका बाजूला टोकदार, आणि खुंट्याला बांधलेलं जनावर गोल फिरावं तशी प्रत्येक पेशी आपल्या टोकावर अडकून झुलत होती. ऑस्ट्रिऑप्सिस. याचं फिरणंच असं आहे की एकदा बघितलं की विसरत नाही.

बरं वाटलं आणि काळजीही वाटली. बरं यासाठी की ही जात रात्री पाण्यात येते, म्हणजे यूव्ही लाईटच्या तावडीत सापडते. काळजी यासाठी की ही विषारी आहे, गोगलगायी तिच्यामुळंच मेल्या. 2005 च्या उन्हाळ्यात इटलीत जिनोव्हाच्या किनाऱ्यावर हिचा फुलोरा आला होता, म्हणजे बेसुमार वाढ झाली होती, तेव्हा नुसत्या समुद्राच्या तुषारांनी दोनशेच्या आसपास लोकांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास झाला होता. शंभर लिटरचा टँक म्हणजे समुद्र नाही हे मला कळतं, पण वेटिंग रूममध्ये तान्ही पोरं बसतात, तिथं मी रिस्क घेत नाही. त्याच दुपारी बुडबुडे सोडणारा एअर पंप बंद केला, वर काच झाकली, फिल्टरमध्ये विष शोषायला ताजा कार्बन टाकला, आणि डॉक्टरांना सांगितलं ग्लोव्हज आणि चष्म्याशिवाय पाण्यात हात नाही, आणि खडक काढून गरम पाण्यात उकळायचा तर विचारसुद्धा नाही, झोअँथिडमध्येही तसलंच विष असतं आणि ते वाफेतनं उडतं.

मग खरा इलाज. फॉस्फेटची मीडिया बाहेर, पाणी बदल बंद, स्किमर फक्त रात्री, माशांना दोन वेळ पोटभर खाणं. तीन दिवस टँकवर चादर. 11 वॉटचा यूव्ही थेट मुख्य टँकमधनंच पाणी ओढेल असा जोडला, कारण सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, लावला तर रात्री तरंगणाऱ्यातले थोडेच त्याच्यापर्यंत पोचतात.

आणि पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट परत घालायचं. हे ऐकून डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण आपण द्राक्षाच्या पट्ट्यात राहतो, दोन्ही गोष्टी कुठल्याही कृषी केंद्रात मिळतात: 13:00:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, 00:52:34 म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. दुकानदारानं विचारलं किती एकर बाग, मी म्हटलं शंभर लिटर. पुडीवरचं लेबल मात्र नीट वाचा, सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळलेली पुडी असेल तर त्यात तांबं असू शकतं आणि ते कोरल-गोगलगायींना मारक आहे. लॅब ग्रेड मिळालं तर तेच घ्या. 100 लिटरमध्ये नायट्रेट 5 पीपीएमने (लिटरला 5 मिलिग्रॅम) वाढवायला साधारण 0.8 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट लागतं. फॉस्फेटचं प्रमाण इतकं कमी की थेट वजन होत नाही, एक लिटर आरओ पाण्यात एक ग्रॅम विरघळवायचं आणि त्यातलं 7 मिली टाकलं की 0.05 पीपीएम वाढतं. सुरुवातीला संध्याकाळी टाकलेलं फॉस्फेट सकाळी परत शून्य दिसायचं कारण उपाशी खडक ते ओढून घेतो. डॉक्टर वैतागले होते, पण रोज मोजून रोज टाकत राहिले, याचं श्रेय त्यांनाच.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन, आवाजात टेन्शन. "आता काचेवर हिरवं यायला लागलंय ओ!" मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं डॉक्टर, समोरची काच तेवढी पुसा, मागची आणि बाजूच्या अजिबात घासू नका, त्या हिरव्याला तिथं बसू दे. नायट्रेट 5 ते 10, फॉस्फेट 0.05 ते 0.1, याच्या खाली आता जाऊ द्यायचं नाही.

परवा परत सॅम्पल घेऊन लॅबमध्ये गेलो. ताईंनी स्वतःच लेन्स लावली आणि बराच वेळ स्लाईड सरकवत राहिल्या. डायाटम भरपूर, फिरणारे अगदी तुरळक, पण आहेत. म्हणून गोगलगायी अजून सोडलेल्या नाहीत, यूव्ही चालू आहे, आणि पुढचं सॅम्पल स्वच्छ येईपर्यंत चालूच ठेवायचं ठरलंय.