एका दाबात तीन टाळ्या

आज ४५ अंश. हॉलमधला कूलर नुसताच घरघरत होता.

कौतुकाची हाव दाखवायला केलेलं टाळ्यांचं मशीन, बटण दाबलं की लाकडी हात टाळी वाजवतात आणि स्क्रीनवर आकडा चढतो. ते दुरुस्त केलं, तेच मनाला लागून राहिलंय. बिघाड तसा साधा. बटण दाबलं की आतली धातूची पट्टी काही मिलिसेकंद थरथरते आणि आर्डुइनो, म्हणजे मशीन चालवणारा छोटा बोर्ड, प्रत्येक थरथरीला नवा दाब समजतो. मग एकदा दाबलं तरी लाकडी हात कधी दोनदा, कधी चारदा टाळी वाजवायचे, वरचा आकडाही तेवढाच चढायचा. पहिल्या दाबानंतरचे ५० मिलिसेकंद मोजूच नकोस, असं सांगितलं की झालं. काल रात्री तेवढंच केलं.

आज पमाताई आल्या. मोबाइल उभा धरला, पदर सारखा केला, बटण दाबलं. एकच टाळी. पुन्हा दाबलं. पुन्हा एकच. मागे वळून म्हणाल्या, "काऊन जी, काल तं तीन वाजत होत्या!"

चेहरा उतरला होता त्यांचा.

हाताच्या मोटरी बोर्डाच्या पिनवरून चालवल्या होत्या तेव्हाही असंच झालं होतं. मोटर जोरात करंट ओढते, व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होतो, आकडा शून्यावर. वेगळा पाच व्होल्टचा सप्लाय लावून दोन्हींच्या ग्राउंडच्या तारा एकत्र जोडल्या, मग थांबलं ते. पण त्या शून्यासमोर उभा असलेला तो पोरगा... जाऊ दे.

इतके दिवस खपून केलेलं काम, आणि लोकांना हवी होती ती माझी चूक. कलाकार बेन ग्रोसरच्या २०१२च्या डीमेट्रिकेटरने, ब्राउझरमध्ये बसवायच्या एका छोट्या प्रोग्रामने, फेसबुकवरचे आकडेच झाकले होते. कितीजणांना आवडलं ते जायचं, आवडलं एवढंच उरायचं. कलाकार ड्रीस दपूर्टरच्या 'क्विक फिक्स' या मशीनमध्ये नाणी टाकून लाइक विकत मिळतात; खोटं आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असतं. मी तर काहीच हिरावलं नव्हतं. आकडा खरा केला, एवढंच.

पण काल त्या तीन टाळ्यांना पमाताई हसल्या होत्या. ते हसू तर खरंच होतं ना? यंत्र कौतुकाची हाव दाखवायला उभं केलं आणि त्या हसण्याकडे मी बघितलंच नाही. ठीक आहे, आज दिसलं.

उद्या स्क्रीनवर कागद चिकटवून बघते. टाळी वाजेल, आकडा दिसणार नाही. ५० मिलिसेकंद मात्र राहू देणार.

पमाताईंना फोन करायचा राहिला.