कैलाहूनच्या चीफांच्या मुलखात : साथ कशी रोखली, आणि ते पाहायला जायचं तर

सिएरा लिओनमधली इबोलाची साथ समजून घ्यायला जाणाऱ्यांनी फ्रीटाउनच्या कार्यालयांत फार दिवस घालवू नयेत. खरा अभ्यास देशाच्या पूर्व टोकाला, कैलाहून जिल्ह्यात आहे. 2014 च्या मे महिन्यात देशातला पहिला रुग्ण तिथेच, गिनीच्या सीमेजवळच्या कोइंदू भागात सापडला. पुढे देशभरात 14,124 रुग्ण आणि 3,956 मृत्यू नोंदले गेले, पण राजधानीच्या परिसरात साथ जोरात असताना कैलाहूनमध्ये 2014 संपता संपता ती विझली होती. या फरकात गावोगावच्या चीफांचा, म्हणजे पारंपरिक मुखियांचा, वाटा मोठा आहे.

निघण्याआधीचं महत्त्वाचं काम म्हणजे पीतज्वराची लस. ती प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड (लसीचा दाखला) पासपोर्टसोबतच ठेवा. कार्ड नसेल तर तिथे अडवतातच, शिवाय परतल्यावर भारतीय विमानतळावरही 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाची प्रतिबंधक औषधं डॉक्टरांना विचारून सुरू करा. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ बरा. ऑगस्टच्या पावसात आतले मातीचे रस्ते गाडी गिळतात. पैशांचा एक घोळ समजून घ्या. जुलै 2022 मध्ये लिओन या तिथल्या चलनावरची तीन शून्यं कमी केली, पण गावात अजून जुन्या आकड्यांत बोलणारे भेटतात. ‘पाच लाखांचा दंड’ म्हणजे आजचे 500 लिओन.

लुंगीचा विमानतळ खाडीपलीकडे आहे. तिथून बोटीने फ्रीटाउनला यायचं. शहर सोडताना वॉटर्लू इथे इबोलाच्या मृतांची मोठी दफनभूमी लागते. परवानगी घेऊन जा, फोटो काढू नका. पुढे बो आणि मग केनेमा, एकूण साधारण 300 किलोमीटर. इथवर रस्ता चांगला आहे. डिझेल, रोकड आणि पाणी केनेमालाच भरून घ्या. केनेमाच्या सरकारी रुग्णालयात लासा तापाचा (उंदरांमुळे पसरणाऱ्या विषाणूजन्य तापाचा) जुना विभाग होता, म्हणून इबोलाचे सुरुवातीचे रुग्ण तिथेच आले. त्या विभागाचे प्रमुख डॉ. शेख उमर खान जुलै 2014 मध्ये याच आजाराने गेले. पुढे पेंडेंबूमार्गे कैलाहून आणि मग कोइंदू.

तिथली रचना पक्की समजल्याशिवाय गावात पाऊल टाकू नका. साथीच्या वेळी देशात 149 चीफडम (चीफच्या अखत्यारीतले मुलूख) होती, 2017 नंतर 190 झाली. प्रत्येकाचा एक पॅरामाउंट चीफ, त्याच्या हाताखाली विभागाचे चीफ, त्यांच्या खाली गावचे. पॅरामाउंट चीफ ठरलेल्या घराण्यांतूनच निवडला जातो आणि पद तहहयात असतं. दक्षिण आणि पूर्व भागात या पदावर स्त्रियाही असतात. राजधानीच्या परिसरात मात्र पॅरामाउंट चीफ नाहीत. तिथे प्रत्येक जमातीचा प्रमुख असतो, पण वस्ती मिश्र आणि भाडेकरूंची असल्याने त्याचा शब्द गल्लीच्या टोकापर्यंतही पोचेल याची खात्री नसते. साथीच्या काळात हे फार महागात पडलं.

परवानगी वरून खाली घ्यायची: आधी जिल्हा आरोग्य पथकाचं कार्यालय, मग पॅरामाउंट चीफ, मग विभागाचा चीफ, शेवटी गावचा. मधली पायरी गाळली की गावचा चीफ हसून स्वागत करतो, खुर्ची देतो आणि कोणीच काही बोलत नाही. चीफला थेट हाक मारायची नसते. त्यांच्या वतीने बोलणारे ‘स्पीकर’ असतात, पत्र त्यांच्या हाती द्या. सोबत पाहुण्याने ‘कोला’ द्यायची रीत आहे. पूर्वी कोलाचं फळ देत, आता बहुधा थोडी रोकड. ती सर्वांसमोर द्या, गुपचूप दिलेली लाच ठरते. दुभाषा मेंडे बोलणारा हवा, कोइंदूकडे किसी बोलणारा. क्रिओ या देशभर चालणाऱ्या बोलीवर बाजारापुरतं भागतं. दुभाषा कोणत्या घराण्याचा हे आधी विचारा. गादीसाठी भांडणाऱ्या घराण्यांपैकी एकाचा असला तर अर्धं उत्तर त्याच्याच तोंडात राहतं.

बैठक ‘बॅरी’त होते: कमरेएवढी भिंत, वर छप्पर, चारही बाजू उघड्या. मधे वडीलधारी, मागे बायका, तरुण भिंतीवर किंवा बाहेर. इथे जे बोललं जातं ते गावाचं अधिकृत मत. बायकांच्या प्रमुख ‘मामी क्वीन’ यांना नंतर वेगळं भेटा. आजाऱ्याला कोणी पाणी पाजलं, प्रेत कोणी धुतलं, हे त्यांनाच ठाऊक असतं.

आता मूळ विषय. 2014 च्या पावसाळ्यात कैलाहूनच्या चीफांनी आपल्या मुलखापुरते नियम केले आणि नंतर तसे नियम देशभर लागू झाले. परका माणूस गावात आला तर चीफला कळवायचं, आजारी लपवायचा नाही, प्रेत धुवायचं नाही, वैदूने उपचार करायचे नाहीत, ‘लुमा’ म्हणजे आठवडी बाजार बंद, पोरो (पुरुषांची) आणि बोंडो (बायकांची) या गुप्त मंडळांचे दीक्षाविधी बंद. मोडणाऱ्याला 5,00,000 जुने लिओन दंड. बाहेरून येणारे अभ्यासक या दंडावरच अडकतात. पण दंडाच्या भीतीने लोक आजारी माणसाला रात्री शेतातल्या खोपीत हलवत, आणि काही ठिकाणी दंडाचे पैसे कुठे गेले यावरूनच गाव चीफवर उलटलं. चीफची खरी ताकद वेगळीच होती: काल रात्री कोणाच्या घरी कोण उतरलं, हे त्याला सकाळी माहीत असायचं. किसी लोक सिएरा लिओन, गिनी आणि लायबेरिया अशा तिन्ही देशांत राहतात. सरकारने सीमा बंद केली, पण पायवाटांवर पहारा बसवला तो गावच्या तरुणांनी.

सगळ्यात बिकट प्रश्न अंत्यविधीचा. मृत्यूनंतर शरीरात विषाणू सर्वाधिक असतो, आणि नेमकं तेव्हाच घरचे अंघोळ घालतात. सुरुवातीला पथकं आली, पिशवीत भरलं आणि घेऊन गेली. आपलं माणूस कुठे पुरलं हेही घरच्यांना कळेना, म्हणून लोक प्रेतं लपवू लागले. ऑक्टोबर 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची 12 पायऱ्यांची पद्धत आणली. तिच्यात चीफ आणि इमाम किंवा पाद्री पहिल्या पायरीपासून हवेत, कारण घरच्यांशी बोलणं झाल्याशिवाय पथकाने संरक्षक पोशाख चढवायचाच नसतो. पांढऱ्या पोशाखातली माणसं थेट दारात उतरली की गाव पांगतं किंवा दगड उचलतं. जागा घरच्यांनी दाखवायची, प्रार्थना अंतर राखून करायची, कबरीवर नाव लिहायचं. प्रेत आणि साहित्यासाठी 0.5 टक्के क्लोरीन, हातांसाठी 0.05 टक्के. 70 टक्के क्लोरीनची पावडर असेल तर 20 लिटरला पहिल्यासाठी सुमारे 143 ग्रॅम, दुसऱ्यासाठी 14 ग्रॅम. दोन्ही बादल्यांवर मोठ्या अक्षरांत खूण करा. अदलाबदल झाली तर एकीकडे कातडी सोलते, दुसरीकडे विषाणू जगतो.

रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांचं विलगीकरण 21 दिवसांचं. ते मोडायचं मुख्य कारण म्हणजे रेशन उशिरा पोचणं. उपाशी माणूस रात्री कुंपण ओलांडणारच. चीफांना भेटाल तेव्हा हे जरूर विचारा: अन्न कोण आणून देत होतं, पाणी कोण भरत होतं, त्या घराचं भातशेत कोणी कापलं? ‘सगळे नियम पाळले’ या उत्तरापेक्षा यातून कितीतरी जास्त कळतं.

कोविडमध्ये हाच अनुभव कामी आला. देशात पहिला रुग्ण 31 मार्च 2020 ला सापडला, पण आणीबाणी त्याच्या आठवडाभर आधीच जाहीर झाली होती. लसीकरणात दूरच्या गावांतून केंद्रावर जायला सरासरी साडेतीन तास लागत. मग 150 गावांच्या एका प्रयोगात त्यांतल्या काही गावांत फिरती पथकं पाठवून पाहिली: आधी गावच्या चीफसह प्रमुख मंडळींशी बोलणं, मग सगळ्या गावाची बैठक, त्यानंतर गावातच लस. दोन-तीन दिवसांत लसीकरण सुमारे 26 टक्क्यांच्या फरकाने वाढलं. तिथले लोक अडाणी म्हणून लस घेत नाहीत, हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. लस त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती.

काही गोष्टी टाळाच. वाटेवर ताडाच्या झावळ्यांची तोरणं बांधलेली दिसली तर मागे फिरा. पलीकडे पोरोचं रान असतं आणि परक्याला प्रवेश नसतो. बरे झालेल्यांना गर्दीत ‘तुम्हाला इबोला झाला होता ना?’ असं विचारू नका. केनेमा-कैलाहून पट्ट्यात लासा ताप आजही आहे. तो उंदरांच्या मूत्राने पसरतो, म्हणून उघडं धान्य आणि झाकण नसलेलं अन्न खाऊ नका. परतल्यावर 21 दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा की आपण पूर्व सिएरा लिओनमधून आलो आहोत, आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.