निळ्या पट्ट्याचा पाइप: आमची वाटचाल

संगमनेर-राहाता पट्ट्यात गाईचा खोडा, म्हणजे उपचाराच्या वेळी तिला उभं धरून ठेवायची पाइपांची चौकट, घ्यायला निघालेला माणूस आजही विचारतो, "निळ्या पट्ट्याचा आहे का?" आमच्या वर्कशॉपची हीच ओळख. निळा पट्टा म्हणजे दोन इंची बी-क्लास, मध्यम जाडीचा पाइप, जाडी 3.6 मिलिमीटर, वजन मीटरला पाच किलो. पिवळ्या पट्ट्याचा ए-क्लास, म्हणजे पातळ, 2.9 चा, मीटरला जवळपास किलोभर हलका. वरून ऑइलपेंट मारला की दोन्ही सारखेच दिसतात. आमच्या धंद्याची सगळी रड या एका किलोत आहे.

सुरुवात नांगराचे फाळ आणि ट्रॉलीचे हूक दुरुस्त करण्यातून झाली. पहिले खोडे जनावरांच्या दवाखान्यातल्या खोड्यावर बेतलेले होते: साडेपाच फूट लांब, अडीच फूट रुंद, खांब दोन फूट काँक्रीटमध्ये, मागं आगळ. मानेला दोन दांड्या, वर फाकलेल्या आणि खाली जवळ आलेल्या. सात-आठ वर्षं असे बरेच विकले. त्या वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

मग आश्वीकडच्या एका गोठ्यात कृत्रिम रेतनाच्या वेळी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय गुडघ्यांवर बसली. दांड्या खाली निमुळत्या, त्यामुळं मान जितकी खाली गेली तितकी आवळली. सगळे आडवे पाइप आम्ही वेल्ड करून टाकलेले, बाजू उघडायची सोय नाही. लोडशेडिंगमुळं ग्राइंडर बंद. हॅकसॉनं पाइप कापेपर्यंत गाय गेली होती.

चूक आमचीच होती. खोडा म्हणजे जनावर धरायची वस्तू, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. ते कोसळलं तर सोडायचं कसं, याचा विचारच केला नव्हता. त्या शेतकऱ्यांनी दोनच वाक्यं ऐकवली: "गाईचे पैसे द्या. आणि याच जागी दुसरा खोडा बसवा, पण नीट." त्यांच्याइतकं धरून राहिलेलं गिऱ्हाईक आम्हाला नंतर लाभलं नाही.

दुसऱ्या खोड्यात मानेच्या दांड्या वरपासून खालपर्यंत समांतर केल्या. एचएफसाठी अंतर सात इंच, कालवडीसाठी पाच, वर भोकं देऊन बदलता येणारं. गाय बसली तर मान दांड्यांमधून सरळ खाली सरकते. एक बाजू पूर्ण उघडणारी केली. तिला आधी खिट्टी लावली होती. पण जनावराचा भार आला की खिट्टी वाकते आणि नेमकी गरजेच्या वेळी अडकते. म्हणून 20 मिलिमीटरची सरकती सळई आणि तिच्यासाठी 24 चं भोक. सैल वाटतं, खडखड वाजतं, पण भाराखालीही एका हिसक्यात निघतं.

त्याच गोठ्यावर बोळ, म्हणजे गाईंना एकामागं एक खोड्यात आणणारी अरुंद वाट, बांधायला शिकलो. बोळाची रुंदी 28 इंच. जास्त ठेवली तर गाय आत वळते आणि तोंड मागं करून उभी राहते. कडेला गाईच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत पत्रा, म्हणजे बाहेरच्या हालचालीनं ती बिचकत नाही. तरीही पहिल्या दिवशी एकही गाय आत जाईना. तोंडाशी गटारावरची जाळी होती, तिच्या काळ्या पट्ट्यांवर पाय ठेवायला त्या तयार नव्हत्या. शिवाय समोर नवा पत्रा उन्हात चमकत होता. जाळी बाहेर हलवली, पत्र्याला मळकट रंग दिला, आणि काठी न उगारता गाई आत शिरल्या. हाकणाऱ्यानं उभं कुठं राहायचं, हेही महत्त्वाचं. खांद्याच्या मागं उभं राहिलं की गाय पुढं जाते, पुढं उभं राहिलं की मागं सरते. आमची गडीमाणसं तोंडाशी उभी राहून शेपटी पिळायची!

कोबा गुळगुळीत करू नका. ओल्या काँक्रीटवरच चार-चार इंचांवर बोटभर रुंद खाचा पाडा, उतार 40 फुटाला एक फूट. जावयाला वेल्डिंग येतं म्हणून त्याच्याकडून खोडा करवून घेऊ नका. जावई दुखावला तरी चालेल.

आता त्या एका किलोची रड. 2022 साली गाईगुरांचा लम्पी त्वचारोग आला, जनावरांचे बाजार बंद झाले, त्यात लोखंडाचे भाव आधीच चढलेले. लसीकरणामुळं खोड्याला मागणी होती, पण लोक स्वस्तातला शोधत होते. शेजारच्या तालुक्यातल्या एका फॅब्रिकेटरनं आमचा समांतर दांड्यांचा नमुना जसाच्या तसा उचलला. पाइप मात्र ए-क्लास, उघडणारी बाजू नुसती दिसायला, आणि खांबावर ब्रशनं ओढलेला निळा पट्टा! आमच्यापेक्षा काही हजारांनी स्वस्त. त्या वर्षी आमची चारपैकी तीन वेल्डिंग मशीन झाकून ठेवावी लागली.

दोन पावसाळ्यांत ते खोडे कुजले, आणि कुजले तेही नेहमीच्याच जागी, कोबा आणि खांब भेटतात तिथं. मूत-शेण तिथंच साचतं. त्यासाठी खांबाभोवती सहा इंच उंच, बाहेर उतरता काँक्रीटचा कठडा घालावा लागतो आणि आतल्या पाइपाला डांबर. हे त्यांनी वाचवलं होतं. दुरुस्तीला लोक आमच्याकडंच आले, वर विचारलं, "तुमचाच ना हा?"

म्हणून आता पूर्ण खोडा वेल्ड करून मग गॅल्व्हनाइज करतो, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून त्याचा थर चढवतो. आधीच गॅल्व्हनाइज केलेल्या पाइपावर वेल्डिंग केलं तर सांध्यावरचं जस्त जळतं, पांढरा धूर कारागिराच्या छातीत जातो, आणि गंज तिथूनच सुरू होतो. बंद पाइप साडेचारशे अंशांच्या जस्तात बुडवला तर आतली हवा आणि ओल फुगून तो फुटतो. म्हणून प्रत्येक आडव्या पाइपाला दोन्ही टोकांशी, खालच्या अंगाला 12 मिलिमीटरचं भोक ठेवतो. पावसाचं पाणीही तिथूनच निथळतं.

या भोकाचा आणखी एक उपयोग त्या आश्वीच्या शेतकऱ्यांनी दाखवला. सायकलच्या स्पोकचं वाकडं टोक आत घालून कडेला अडकवायचं, बाहेर नखानं खूण करायची आणि पट्टीवर मोजायचं. साडेतीन मिलिमीटरच्या आसपास भरलं तर पाइप बी-क्लास. आता प्रत्येक खोड्याबरोबर आम्ही एक स्पोक फुकट देतो.