इद्राहून निघताना

पहाटे साडेपाचला बॅग दाराशी ठेवली आणि तशीच कामिनीपर्यंत चालून आले. पहिल्या बोटीला अजून अवकाश होता. ग्रीसमधल्या पिरेअस बंदरातल्या नोकरीची तीन वर्षं संपली, पुढच्या आठवड्यात मुंबई. सुट्टी मिळाली की मी इद्रा बेटावर येत राहिले, आणि शेवटचे चार दिवस इथेच काढायचे हेही मनाशी पक्कं होतं.

कामिनी म्हणजे कोळ्यांचं छोटंसं बंदर. वाट समुद्राच्या कडेकडेने जाते. बुरुजावर जुन्या तोफा अजून समुद्राकडे तोंड करून आहेत. १८२१च्या स्वातंत्र्ययुद्धात इथल्या व्यापाऱ्यांनी आपली मालवाहू जहाजं लढाईत उतरवली. दर्यासारंग मियाऊलिस इथलाच.

इथे गाडी नाही. दुचाकी नाही, सायकलसुद्धा नाही. कचऱ्याची गाडी तेवढी दिसते. बाकी सिमेंटपासून धुलाई यंत्रापर्यंत सगळं धक्क्यावर उतरतं आणि खेचराच्या पाठीवरून पायऱ्या चढतं. तुम्ही म्हणाल, माथेरानच की! मीही पहिल्यांदा हेच म्हणाले होते, आणि नेरळची असल्यामुळे जरा जास्तच अभिमानाने.

पण इथली खेचरं मी तासन् तास बघत बसले आहे. लाकडी खोगीर, त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची पोती, गळ्यात घंटा. खेचरवाला आधी दोर ओढून बघतो, मग पोटाखाली हात घालून पट्टा कुठे काचतोय का ते चाचपतो. हे तो प्रत्येक फेरीला करतो. ऑफिसात एकाने मला विचारलं होतं, तुमच्याकडे माणसं माणसांना ओढतात म्हणे? फार लागलं. माथेरानच्या हातरिक्षा बंद करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला, तोवर त्या ओढणाऱ्यांच्या घरची चूल त्यावरच पेटत होती, हे मी त्याला तावातावाने सांगितलं. माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यावर गाड्या अडवणं आम्हालाही जमतं, हेही ऐकवलं. खरं तर माथेरानच्या पायथ्याशी वाढून मी वर मोजून पाच-सहा वेळा गेले असेन. आमच्या गल्लीतून भाजीची पाटी डोक्यावर घेऊन वर जाणाऱ्या बायकांच्या मानेकडे मी कधी असं निरखून पाहिलं नव्हतं. घरचं रोजचं असतं, त्यामुळे दिसत नाही. त्यात माझा तरी काय दोष?

परत येऊन बॅग उचलली. तेवीस किलो, आणि खाली उतरायला दीडशेच्या वर पायऱ्या. तिसऱ्या वळणावर ओळखीचा खेचरवाला रिकामं खेचर घेऊन खाली चालला होता. त्याने न बोलता माझ्या हातातून बॅग घेतली, खोगिराला बांधली, दोर ओढून बघितला आणि पोटाखाली हात घातला. धक्क्यावर मी दहा युरो पुढे केले, तर त्याने माझी मूठच मिटवली. "कालो ताक्सीदी," म्हणाला. प्रवास सुखाचा होवो. लगेच पाठ फिरवून सिमेंटची पोती चढवायला लागला, कारण जूनचं ऊन आठनंतर जनावराला सोसत नाही.

बोटीत बसल्यावर पाहिलं, तर बॅगेच्या कडेला चार करडे केस चिकटलेले. पिरेअस येईपर्यंत मी ते झटकले नाहीत.